दुबईचं पॅकेज आणि डॉल्फिनची शिट्टी

किशोरचा प्रश्न साधा होता. दिवाळीच्या सुट्टीत पोरांना घेऊन दुबईला जायचं, पॅकेजमध्ये डॉल्फिन शोचं तिकीट धरलेलं आहे, ते ठेवायचं की काढून टाकायचं? पोरं दहा आणि सहा वर्षांची. जळगावात रिंग रोडच्या टपरीसमोर त्यानं हे विचारलं आणि कट्ट्याचे दोन तट पडले.

विलासभाऊ टूर बुकिंगवाले. त्यांचं उत्तर तयार होतं. "ठेव. भारतात हे बघायला मिळत नाही आणि पुढेही मिळणार नाही."

"का मिळत नाही ते पण सांगा ना भाऊ," मनीषा मॅडम म्हणाल्या. त्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात. "मे २०१३ मध्ये केंद्रीय प्राणीसंग्रहालय प्राधिकरणानं सगळ्या राज्यांना कळवलं की डॉल्फिनेरियमला, म्हणजे डॉल्फिनचे खेळ दाखवायच्या टाक्यांना, परवानगी देऊ नका. आपल्या महाराष्ट्रासकट काही राज्यांत तेव्हा असे प्रस्ताव होते. त्याच्या आधी १९९८ मध्ये चेन्नईजवळच्या एका पार्कात बल्गेरियाहून डॉल्फिन आणले, ते काही महिन्यांतच मेले."

"ते पंचवीस वर्षांपूर्वीचं झालं. आता टाकीत जन्मलेले डॉल्फिन असतात. त्यांना समुद्रात सोडलं तर शिकार करता येणार नाही, उपाशी मरतील. किशोर गेला नाही म्हणून त्यांचं काय भलं होणार?"

हा मुद्दा पोकळ नाही. डॉक्टरांनीही (आमचे डॉक्टर म्हणजे गुराढोरांचे) तो अर्धा मान्य केला. टाकीत वाढलेलं जनावर एकदम समुद्रात सोडणं म्हणजे त्याला मारणंच. "पण सगळे टाकीत जन्मलेले नसतात ना भो. २००७ मध्ये सोलोमन बेटांवरून २८ डॉल्फिन विमानात घालून दुबईलाच नेले होते. समुद्रात पकडलेले. तिकीट खपतं म्हणून पुढचे आणले जातात. कॅनडानं २०१९ मध्ये कायदा करून डॉल्फिन पाळणं बंद केलं, पण जे आधीपासून टाकीत होते ते राहू दिले. आहेत त्यांना सांभाळा, नवीन आणू नका. तिकडं असाच विचार चाललाय."

विलासभाऊंनी मग नेहमीचं अस्त्र काढलं. लोक म्हणतात शोसाठी उपाशी ठेवतात, ती अफवा आहे.

"बरीचशी," डॉक्टर म्हणाले, आणि इथून पुढं त्यांना थांबवणं कठीण गेलं. दीड-दोनशे किलोच्या बॉटलनोज डॉल्फिनला (शोमध्ये बहुतेक हीच जात असते) दिवसाला साधारण ८ ते १० किलो मासे लागतात. चांगल्या ठिकाणी प्रत्येक जनावराची बादली वेगळी, वजन करून भरलेली असते. हाच दिवसाचा खुराक शो आणि सरावात वाटून देतात. म्हणजे उपाशी नाही, पण प्रत्येक घासाला काम बांधलेलं. जनावर उडी मारतं त्या क्षणी शिट्टी वाजते. शिट्टीचा अर्थ 'बरोबर केलंस, मासा येतोय'. मासा हातात घेऊन टाकेपर्यंत दोन-तीन सेकंद जातात, तेवढ्यात कोणत्या हालचालीचं बक्षीस मिळालं ते जनावर विसरेल, म्हणून मध्ये शिट्टी. नवीन करामत शिकवायला काठीच्या टोकाला चेंडू लावतात. आधी नाकानं चेंडूला शिवायचं, मग चेंडू थोडा वर, मग पाण्याबाहेर, मग आणखी उंच. शेवटी चेंडू काढला तरी उडी राहते.

"आणि मासे ताजे नसतात, गोठवलेले असतात," ते पुढे म्हणाले. "गोठवून ठेवले की बी-१ जीवनसत्त्व कमी होत जातं. काही जातींच्या माशांत तर ते जीवनसत्त्व मोडणारं एन्झाइमच असतं. नुसते तेच खाऊ घातले तर जनावराचा तोल जातो, झटके येतात. म्हणून पहिल्या माशाच्या कल्ल्यात गोळी कोंबून देतात. मासे वितळवायचे ते फ्रिजमध्ये रात्रभर, गरम पाण्यात नाही. डॉल्फिन समुद्राचं पाणी फारसं पीत नाही, त्याला बहुतेक पाणी मिळतं ते माशातूनच. मासा घाईनं वितळवला की त्यातलं पाणी आणि जीवनसत्त्व दोन्ही बादलीच्या तळाशी."

"पण दिसतात तर खूष," किशोर म्हणाला.

बापू अमळनेरचे, तोवर गप्प होते. "तुले काय वाटस, तो हासस का? अरे, त्यानं थोबाडच तसं शे." मग शुद्ध मराठीवर येऊन मास्तरी थाटात: जबड्याची ठेवणच अशी की मेला तरी हसताना दिसतो. आनंद बघायचा असेल तर चेहरा बघू नकोस, अंग बघ. शो संपल्यावर पाच मिनिटं बसून राहा. मागच्या टाकीत जनावर एकाच जागी ओंडक्यासारखं तरंगत राहतं का, एकाच दिशेनं घिरट्या घालतं का. अंगावर समांतर ओरखडे म्हणजे दुसऱ्या डॉल्फिनचे दात. थोडे ओरखडे सगळ्यांनाच असतात, ते खेळतातही दातांनीच. ताजे आणि पुष्कळ असले तर कमी जागेत न पटणारी जनावरं कोंबलीत.

जागेचा आकडा मॅडमना तोंडपाठ होता. अमेरिकेच्या सरकारी नियमात दोन बॉटलनोजसाठी टाकीची किमान रुंदी ७.३ मीटर आणि खोली १.८ मीटर चालते. समुद्रात हाच प्राणी दिवसात कित्येक किलोमीटर फिरतो. "आणि त्याचं बघणं निम्मं आवाजावर. सव्वा लाख हर्ट्झच्या आसपासचे टिकटिक आवाज सोडतो आणि प्रतिध्वनीवरून मासा ओळखतो. आपले कान वीस हजारांवर संपतात. गुळगुळीत काँक्रीटच्या टाकीत त्या आवाजानं शोधायला काही नसतंच. वरून शोचा डीजे."

पंकजचं ठिबक आणि फिल्टरचं दुकान आहे. त्याला प्राण्यांपेक्षा पाण्यात रस, आणि त्या दिवशीचा सगळ्यात कामाचा मुद्दा त्यानंच मांडला. डॉल्फिनची टाकी निळी, स्वच्छ आणि रिकामी का असते? आत एक दगड नाही, शेवाळ नाही, दुसरा मासा नाही. डॉल्फिन फुप्फुसानं श्वास घेतो, पाण्यातून नाही. म्हणून त्याच्या पाण्यात क्लोरीन टाकता येतं. माशांच्या टाकीत क्लोरीन टाकलं तर कल्ले जळून मासे मरतील. तिथं आधी वाळूचा फिल्टर, केळीच्या ठिबकाला आपण लावतो तोच, फक्त अवाढव्य. त्यानंतर जिवाणूंचा फिल्टर. माशांच्या विष्ठेतून अमोनिया होतो, एक जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्रेट. हे जिवाणू जमायला महिना-दीड महिना लागतो. नवीन टाकीत घाईनं मासे सोडले की मरतात ते याचमुळं.

"म्हणजे बघ किशोर, शोमध्ये तुला एका रिकाम्या हौदात एक जनावर दिसणार. बाजूच्या मत्स्यालयात एका टाकीत शार्क, पाकट म्हणजे स्टिंगरे, गोबरे, सगळे मासे एकत्र. पैसे वसूल कुठं?"

त्यानं एक परीक्षाही सांगितली. बंद हॉलमध्ये शिरल्याबरोबर डोळे चुरचुरले आणि जलतरण तलावासारखा वास आला, तर तो क्लोरीनचा नाही, क्लोरामीनचा. क्लोरीन लघवीशी मिळून तो बनतो. पाणी किंवा हवा, दोन्हींपैकी काहीतरी नीट फिरत नाहीये. प्रेक्षक तासाभरात बाहेर पडतो, जनावर तिथंच.

विलासभाऊ चिडले नाहीत, हे सांगायला हवं. धंद्यातला माणूस, गिऱ्हाईक कसं बघतं हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त ठाऊक. "बरं, शो बघायचाच असेल त्यांच्यासाठी सांगतो," म्हणाले, "अर्धा तास आधी जा. पुढच्या रांगा भिजण्याच्या, पाणी खारं असतं. मोबाइल पिशवीत. कॅमेऱ्याच्या काचेवर थेंब पडला तर लगेच पुसू नका, मिठाचे कण घासून ओरखडे पडतात. आधी गोड्या पाण्यानं ओलवलेला कपडा टेकवायचा. पोरं लहान असतील तर मधल्या रांगा, कडेच्या खुर्च्या. आणि डॉल्फिनबरोबर पोहण्याचं जादा तिकीट घेऊ नका."

शेवटचं वाक्य त्यांच्याकडून अपेक्षित नव्हतं. पण कारण धंद्याचंच होतं: पोहणं कमी, फोटो जास्त, आणि फोटोचे पैसे वेगळे. डॉक्टरांनी त्यात भर घातली. एवढं वजनदार जनावर, दात आहेत, ढकललं तर बरगडी मोडते. त्याच्या उच्छ्वासातले जंतू तोंडावर येतात आणि आपले त्याच्याकडे जातात. शिवाय त्वचेवरचं सनस्क्रीन, अंगठ्या, बांगड्या, सगळं आधी उतरवावं लागतं.

"दुबईत मग माझं ऐक," विलासभाऊ म्हणाले. "दुबई मॉलमधल्या मत्स्यालयाची मोठी काच मॉलच्या रस्त्यावरून फुकट दिसते. तिकीट लागतं ते टाकीतून जाणाऱ्या बोगद्याला आणि वरच्या भागाला. आधी फुकटचं बघा, पोरं किती वेळ थांबतात त्यावरून तिकीट ठरवा."

त्या काचेवर पंकज पुन्हा सुटला. ती काच नाहीच, ॲक्रिलिक आहे. ३२.८८ मीटर रुंद, ८.३ मीटर उंच, ७५० मिलिमीटर जाड. आत १ कोटी लिटर पाणी. टाकी किती लांब यावर दाब ठरत नाही, पाणी किती उंच यावर ठरतो. पाणी वरपर्यंत धरलं तर तळाशी चौरस सेंटिमीटरला साधारण ०.८ किलो, आणि पूर्ण तावदानावर हजार टनांहून जास्त. साधी काच एवढी जाड केली तर हिरवी दिसते आणि तुकडे अदृश्य जोडता येत नाहीत. ॲक्रिलिकचे जोड दिसत नाहीत. आणि १ कोटी लिटर पाणी समुद्राइतकं खारं करायचं तर लिटरला ३५ ग्रॅम धरून ३५० टन मीठ. बापूंनी यावर दाद दिली ती मान हलवून.

फोटोंवर मॅडम बोलल्या. फ्लॅश बंद, कारण तो काचेवरून परततो आणि माशांना दचकवतो. मोबाइल काचेला टेकवून, सरळ धरून, तिरका नाही. तिरका धरला की चित्र ताणलं जातं, कडांना रंग फुटतात. गडद कपडे घाला, पांढऱ्या शर्टाचं प्रतिबिंब फोटोत येतं. मासा आहे त्यापेक्षा पाऊण अंतरावर आणि मोठा दिसतो, त्यामुळं पोरं काचेवर हात आपटतात. आपटू देऊ नका.

हात लावायचं टाकं असतं तिथं जाण्याआधी साबणाचा अंश राहणार नाही असे हात धुवा, क्रीम नको. दोन बोटं, पाठीवर, डोक्याकडून शेपटीकडे. पाकटाच्या अंगावर बुळबुळीत थर असतो, तो त्याचं जंतूंपासून रक्षण करतो, म्हणून खरवडायचं नाही. तारामासा पाण्याबाहेर उचलायचा नाही, त्याचा श्वास पाण्यातूनच चालतो. सहा वर्षांच्या पोराला हे आधी घरी सांगावं लागतं, तिथं गर्दीत कोणी ऐकत नाही.

"एवढंच बघायचं तर दुबई कशाला?" बापू म्हणाले. अहमदाबादच्या सायन्स सिटीत जुलै २०२१ मध्ये मोठं मत्स्यालय उघडलं, ६८ टाक्या आणि २८ मीटरचा बोगदा. जळगावहून नवजीवन एक्स्प्रेस सरळ अहमदाबादला जाते. सोमवारी बंद असतं, एवढं बघून निघायचं. आपल्याकडं मैदानावर येणारे 'अंडरवॉटर टनेल' त्याच्या जागी धरू नका. त्यात बहुतेक गोड्या पाण्यातले मासे, अरोवाना, कोई, अरापायमा असे. महिनाभराचं खारं पाणी वाहून आणणं कोणाला परवडत नाही.

मग प्रश्न राहिला डॉल्फिनचाच. पोरांना डॉल्फिन बघायचाय.

"मालवणला ने," मॅडम म्हणाल्या. कोकण किनाऱ्याला कुबड असलेला डॉल्फिन असतो, उथळ पाण्यात, किनाऱ्याच्या जवळ. शोसारखा उड्या मारत नाही, पाठ आणि पर दिसतो, कधी शेपूट. ऑक्टोबर ते फेब्रुवारी उत्तम, म्हणजे दिवाळी त्यातच येते. सकाळी सातच्या आसपासची बोट घ्यायची. दहानंतर वारा सुटतो, लाटांचे पांढरे कडे उठतात आणि त्यात पाठ ओळखू येत नाही.

बोटवाल्याशी काय ठरवायचं, यावर विलासभाऊ आणि मॅडम पहिल्यांदाच एका बाजूला आले. 'डॉल्फिन दिसलाच पाहिजे, नाहीतर पैसे परत' असं ठरवायचं नाही, वेळेचे पैसे ठरवायचे. हमी दिली की बोटवाला पाठलाग करतो. चार बोटींनी घेरलं की डॉल्फिन खाली जातो आणि दूर निघतो, मग कोणालाच दिसत नाही. पन्नास मीटरवर इंजिन न्यूट्रलला, बाजूनं समांतर, समोरून किंवा मागून नाही. दहा-पंधरा मिनिटं बघून निघायचं. मोठ्या माणसाचं लाइफ जॅकेट सहा वर्षांच्या पोराला चालत नाही, पाण्यात पडलं की डोक्यावरून निघून जातं. लहान मापाचं आहे का ते आदल्या दिवशी विचारायचं, आणि घालून खांद्याला धरून वर ओढून बघायचं. हनुवटीपर्यंत आलं तर सैल आहे.

उलटीची गोळी बोटीत बसण्याआधी अर्धा-एक तास, पण डॉक्टरांनी नाव सांगायला साफ नकार दिला. "माणसांच्या डॉक्टरला विचार. माझ्याकडचा डोस म्हशीचा असतो."

बापूंना मालवणही पटलं नाही. त्यांचा हट्ट भागलपूर. गंगेत सुलतानगंज ते कहलगाव पन्नास किलोमीटरचं विक्रमशिला अभयारण्य आहे, तिथला डॉल्फिन आपला राष्ट्रीय जलचर. २०२५ मध्ये जाहीर झालेल्या मोजणीत देशात ६,३२७ नदी-डॉल्फिन निघाले. लोकमान्य टिळक–भागलपूर गाडी भुसावळवरूनच जाते. मॅडम म्हणाल्या, सर, तो जवळजवळ आंधळा, गढूळ पाण्यातला, वर येतो सेकंदभर, पोरांना लांब सोंडेची झलक दिसेल न दिसेल. बापू म्हणाले, तेच तर बघायचं. इथं काही जमलं नाही.

किशोरनं शेवटी विचारलं, शो पॅकेजमधून काढला तर किती कमी होतील? विलासभाऊंनी खरं सांगितलं: फार नाही. तिकीट गटाच्या दरात धरलेलं असतं. पण ती दुपार मोकळी होते, आणि त्या दुपारी बोगदा बघून होतो. दुबई पुढच्या वर्षावर टाकून मालवणला जायचं असेल तर मुंबईहून कोकण रेल्वेनं कुडाळला उतरायचं. दिवाळीचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, सकाळी आठला, आणि कुडाळच्या गाड्या त्याच सकाळी भरतात.