मिथेनॉलचं ‘नवं रसायन’ शोधा, तेही घाम न गाळता

निर्वात चेंबरमध्ये प्लॅटिनमच्या क्रिस्टलच्या स्वच्छ (१११) पृष्ठभागावर, म्हणजे एका ठरावीक दिशेने कापून मिळणाऱ्या सपाट पृष्ठभागावर, मिथेनॉल सोडलं की बहुतेक रेणू निमूटपणे बसतात आणि तापवल्यावर १८० केल्विनच्या आसपास जसेच्या तसे उडून जातात. अशा रटाळ निकालाला कोण विचारतो? म्हणून गेल्या आठवड्यात एका सादरीकरणात पाहायला मिळालेल्या युक्त्या होतकरूंसाठी देतोय.

क्रिस्टल आरशासारखा चमकतोय? मग स्वच्छच आहे. आर्गन आयनांचा मारा, गरम असताना ऑक्सिजन देऊन कार्बन जाळणं, शेवटी अनीलिंग (तापवून पृष्ठभाग पुन्हा सपाट करणं), हे वर्षातून एकदा पुरे. ऑजर, म्हणजे पृष्ठभागावर कोणती मूलद्रव्यं आहेत हे सांगणारा इलेक्ट्रॉनांचा वर्णपट, घेऊच नका. २७२ इलेक्ट्रॉनव्होल्टला कार्बन दिसला की उगाच जिवाला घोर.

भिंतींना चिकटलेले वायू निघावेत म्हणून चेंबर बेक करायला तुम्हाला काय भटारखाना चालवायचाय?

मिथेनॉल गोठवा, पंप करा, वितळवा, पुन्हा गोठवा... कशाला? द्रव नायट्रोजन महाग आहे. विरघळलेली हवा तशीच राहू द्या. तांब्यावर तर ती सोन्याहून पिवळी! स्वच्छ तांब्यावरून मिथेनॉल बहुतांशी तसंच निघून जातं, पण ऑक्सिजनचे अणू बसले की ते हायड्रॉक्सिलचा हायड्रोजन ओढून घेतात, मेथॉक्सी तयार होतं आणि साधारण ३७० केल्विनला फॉर्माल्डिहाइड सुटतं. वाक्स आणि मॅडिक्स यांनी १९७८ मध्ये तांब्याच्या (११०) पृष्ठभागावर मुद्दाम ऑक्सिजन देऊन हे दाखवलं. तुम्ही नकळत द्या आणि ‘स्वच्छ तांब्याची अद्भुत सक्रियता’ असा मथळा ठोका.

आता हुकमी एक्का: क्रिस्टल तापवताना सुटणारे वायू मास स्पेक्ट्रोमीटर वस्तुमानानुसार मोजतो; त्यातला फक्त वस्तुमान २८ चा आलेख दाखवा. २८ म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, म्हणजे मिथेनॉल तुटलं! नायट्रोजनही २८ वरच येतो, पण १४ पाहिलं तर गळती उघडी पडेल, तेव्हा पाहू नका. मिथेनॉल मास स्पेक्ट्रोमीटरच्या आयन सोर्समध्ये स्वतःच फुटून २८ आणि २९ देतं. ते वजा करायला मिथेनॉलचीच खूण असलेलं ३१ लागतं, म्हणून ३१ लपवा. आणि प्लॅटिनमवरचा, २८ च्या आलेखातला तो ४७० केल्विनचा लाडका पीक? चेंबरमधला कार्बन मोनॉक्साइड क्रिस्टलवर बसतो आणि नेमका तिथेच सुटतो. दाब मोजणाऱ्या आयन गेजचा तापलेला फिलामेंट मिथेनॉल फोडून त्याचा रतीब घालत असतो. टॉरच्या एक अब्जांश दाबाला १००० सेकंदांत पुरा एक लँगम्यूर (आदळलेला प्रत्येक रेणू चिकटला तर साधारण एक थर बसेल इतका वायू) होतो, म्हणजे डोस देऊन तुम्ही चहा पिऊन येईपर्यंत! आणि त्यावर म्हणे ‘नवा अभिक्रियामार्ग’! कसला मार्ग? तुमच्याच चेंबरची घाण आहे ती!

कोरी फेरी कुठे आहे? मिथेनॉल न देता, तेवढाच वेळ थांबून, त्याच वेगाने तापवलेली? अर्धा तास लागतो तिला. प्लॅटिनमवर थोडं मिथेनॉल तुटतंही, मुख्यतः पृष्ठभागावरच्या अणूंच्या पायऱ्यांवर आणि दोषांवर; पण ते किती, हे घाणीचा वाटा वजा केल्याशिवाय कसं सांगणार? कार्बन-१३ चं, म्हणजे एका एककाने जड कार्बनचं मिथेनॉल घ्या. खरोखर तुटत असेल तर पीक २९ वर येईल, चेंबरचा कचरा २८ वरच राहील. डोस देताना गेज बंद ठेवा. आणि कोऱ्या फेरीचा नि कार्बन-१३ चा असे दोन्ही आलेख शेजारीशेजारी ठेवता येईपर्यंत कृपा करून स्लाइड बनवू नका.