खुलासा: साठीनंतरचं विसरणं आणि फिट

‘फिट येणं हा लहानपणचा आजार. साठीनंतर विसरायला लागलं की तो डिमेन्शियाच, त्यावर इलाज नाही’ असा मेसेज फिरतो आहे. परवा मीही तो दोन ग्रुपवर टाकला. एका डॉक्टर मैत्रिणीने टोकलं, तेव्हा नीट वाचलं. मेसेज चुकीचा आहे.

अपस्मार, म्हणजे वारंवार फिट येण्याचा आजार, नव्याने सुरू होण्याचं प्रमाण आयुष्याच्या दोन टोकांना जास्त असतं: तान्हेपणी आणि म्हातारपणी, पक्षाघातानंतर तर विशेष. आणि उतारवयातल्या फिटमध्ये हातपाय झाडणं, तोंडाला फेस येणं असेलच असं नाही. माणूस बोलता बोलता मिनिटभर शून्यात बघतो, ओठ चाटतो, कपड्याशी चाळा करतो. मग बराच वेळ गोंधळलेला. घरच्यांना वाटतं, वय झालं.

एका प्रकारात तर झटका म्हणजे फक्त विस्मरण. बरेचदा झोपेतून उठल्यावर, अर्धा-पाऊण तास, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा. हा प्रकार ओळखण्याचे निकष १९९८ मध्ये मांडले गेले. औषधाने हे झटके बहुधा थांबतात. साधा ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची तपासणी) नॉर्मल आला म्हणून शंका मिटत नाही. झोपेतलाही करावा लागू शकतो.

प्रत्येक विसरणं फिट नव्हे, आणि अल्झायमर (डिमेन्शियाचा एक प्रकार) व अपस्मार एकत्रही असू शकतात. पण विसरणं झटक्याझटक्याने येत असेल, तर वेळ टिपून ठेवा, जमल्यास व्हिडिओ घ्या, न्यूरॉलॉजिस्टला दाखवा.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर ही दुरुस्ती टाका. मी टाकली आहे.