शाळेतला कुत्रा कंटाळवाणाच हवा

स्पष्टच लिहिते. माझा कुत्रा बंडू गॅदरिंगला येणार नाही. फेटा बांधून नाही, गळ्यात घोषणेची पाटी अडकवून नाही, आणि पाहुण्यांना पंजा द्यायला तर मुळीच नाही. एका संस्थेच्या चालकांनी त्याला बोलावलं होतं, त्यांना फोनवर हे सांगितलं तर म्हणाले, "मॅडम, इतका काय भाव खाता, कुत्राच आहे ना?" कुत्राच आहे, म्हणून तर नाही म्हणते. माणूस असता तर त्याने स्वतःच नकार दिला असता.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात. मी विशेष शिक्षिका, जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी. बंडू माझा लॅब्रॅडॉर, पुण्यातल्या एका प्रशिक्षकाकडे तयार झालेला. शाळेची परवानगी आणि पालकांची लेखी संमती घेऊन तो माझ्यासोबत संसाधन कक्षात, म्हणजे विशेष गरजा असलेल्या मुलांना शिकवायच्या खोलीत, असतो. पोस्टखाली लोक त्याला सर्व्हिस डॉग म्हणतात, तो ते नाही. सर्व्हिस डॉग एका माणसाचा असतो आणि त्या माणसाच्या अपंगत्वापुरतं ठरलेलं काम शिकलेला असतो. दिसत नाही त्याला रस्ता पार करून देणं, फिट आलेल्या मुलाजवळ थांबून मोठ्या माणसाला बोलावणं, साखर उतरायला लागली की वासावरून ओळखून सावध करणं. बंडू थेरपी डॉग आहे. तो माझ्या हातात दोरी असताना अनेक मुलांसाठी काम करतो. आणि तुमच्या घरचा गोड टॉमी या दोन्हींपैकी काहीच नाही, कितीही शहाणा असला तरी.

आता काम कसं दिसतं ते सांगते. आमच्या शाळेची घंटा म्हणजे रेल्वेच्या रुळाचा तुकडा. भुसावळ जवळ असल्यावर दुसरं काय टांगणार! शिपाईदादा त्यावर हातोडी घालतात तेव्हा चांगला धडधाकट माणूस दचकतो. आमचा एक स्वमग्न (ऑटिझम असलेला) मुलगा घंटा झाली की कान दाबून टेबलाखाली शिरायचा, आणि पुढचा तास तिथेच जायचा. आता घंटेच्या थोडं आधी बंडू त्याच्या पावलांवर हनुवटी टाकून पडतो. त्या मुलाला ते वजन हवं असतं. घंटा होते. मुलगा कान दाबतो, खाली बघतो. बंडूचा कानसुद्धा हललेला नसतो. मग एक हात कानावरून निघतो आणि बंडूच्या पट्ट्याची बक्कल चाळवत बसतो. टेबलाखाली जाणं नाही. बस, एवढंच. याची रील होत नाही.

पण कुत्र्याचा कान हलू नये यासाठी काय लागलं, ते विचारा. आधी मैदानाच्या पार टोकाला, आवाज जेमतेम पोचेल इतक्या लांब. घंटा वाजली की खाऊ. मग थोडं जवळ. तो जांभई द्यायला लागला, ओठ चाटायला लागला, मान फिरवून डोळ्याचा पांढरा भाग दाखवायला लागला की पुन्हा मागे. आपल्याला वाटतं कुत्रा कंटाळला, झोप आली. खरं तर तो सांगत असतो, मला हे झेपत नाहीये. चावण्याच्या कितीतरी आधी कुत्रा हे सगळं बोलून झालेला असतो. ते वाचणारं माणूस दोरीच्या दुसऱ्या टोकाला हवं, आणि त्या वेळी त्या माणसाकडे दुसरं कुठलंही काम नको. हजेरी घेता घेता, फळ्यावर लिहिता लिहिता कुत्रा सांभाळता येत नाही.

शाळेतल्या कुत्र्याची परीक्षा माझ्या मते एकच. तो आल्याचं मुलांना अप्रूप वाटेनासं झालं पाहिजे. तो कोपऱ्यातल्या चटईवर पडलेला असावा आणि वर्ग आपलं काम करत असावा. ज्या दिवशी तो 'आकर्षण' होतो, त्या दिवशी तो कामातून गेला. टाळ्या, डीजे, चाळीस हात एकदम अंगावर. मग सोमवारी त्याच शाळेत शिरताना तो शेपूट आत घेतो, आणि त्या मुलाच्या पावलांवर हनुवटी ठेवायला कुणी उरत नाही.

वाचनाचंही तसंच. घरी अहिराणी, पुस्तकात प्रमाण मराठी, आणि अडखळलं की वर्ग खिदळतो. अशा पोरी मोठ्याने वाचणंच सोडून देतात. बंडूसमोर वाचतात. अमेरिकेत यूटा राज्यात १९९९ पासून मुलांनी कुत्र्याला वाचून दाखवण्याचा उपक्रम चालतो, मी काही नवा शोध लावलेला नाही. कुत्रा चूक काढत नाही, पुढचा शब्द सांगून टाकत नाही. आम्हा शिक्षकांना हे दुसरं फार अवघड जातं.

आता भीतीबद्दल. "घाबरू नको, काही करत नाही तो" हे वाक्य माझ्या वर्गात बंद आहे. आपल्याकडे मुलांना कुत्रे खरंच चावतात. रेबीज एकदा दिसायला लागला की माणूस जवळपास वाचतच नाही. चावल्यावर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि सरळ दवाखाना गाठायचा, हे मी प्रत्येक पालक सभेत सांगते, बंडू शेजारी बसलेला असताना. एका आजीने फाटकातच विचारलं होतं, "बाई, हाऊ कुत्रा चावस का?" तिला मी बंडूच्या लसीचं कार्ड दाखवलं, मुसकं न बांधण्याचं कारण सांगितलं, आणि तिच्या नातवाची खुर्ची दाराजवळ ठेवली. त्याला हवं तेव्हा उठून जाता आलं पाहिजे. एका मुलाच्या अब्बांचं म्हणणं वेगळं होतं: कुत्र्याची लाळ कपड्याला लागली तर नमाजाआधी धुवावं लागतं. बरोबरच आहे. बंडू चटईवर, मुलगा दुसऱ्या बाजूला, प्रश्न मिटला. कुणाच्या घरचं वळण मोडून थेरपी होत नसते.

यात सर्वोच्च न्यायालयाचा ७ नोव्हेंबर २०२५ चा आदेश आला. शाळा, दवाखाने, बसस्थानकं, रेल्वे स्टेशनं इथून भटके कुत्रे हलवायचे, नसबंदी आणि लसीकरण करून निवाऱ्यात ठेवायचे, परत तिथेच सोडायचे नाहीत. शाळेने त्यासाठी जबाबदार अधिकारी नेमायचा. आदेशावर दोन्ही बाजूंनी भरपूर भांडण झालं, त्यात मी पडत नाही. पण व्हॉट्सॲपवर तो पोचेपर्यंत 'शाळेत कुत्रा दिसता कामा नये' एवढाच उरला. भटका कुत्रा आणि दोरीला असलेला, लस दिलेला, कामावरचा कुत्रा यातला फरक फाटकावरच्या माणसाला कुणी सांगितलेलाच नसतो.

ज्यांना उत्साह आहे त्यांनी खान्देशचं ऊनही हिशोबात धरावं. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून अंग थंड करतो. मार्चपासून डांबराला तळहाताची मागची बाजू लावून बघा. पाच-सात सेकंद ठेवता येत नसेल तर त्याचे पंजे पोळणारच. सकाळची शाळा असली तरी साडेदहानंतर मी त्याला बाहेर काढत नाही. पावसाळ्यात गोचीड. आणि मधल्या सुट्टीत खिचडी! माया उतू जाते आणि ताटातली खिचडी बंडूपुढे येते. कांदा-लसूण कुत्र्याला विष आहे, मनुका आणि चॉकलेटही. नामदेवांनी भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावण्याची गोष्ट मी स्वतःच वर्गात सांगितली होती, त्यामुळे मुलांना दोष तरी कसा देऊ.

आणि हो, कुत्रा शिक्षकाच्या जागी येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी प्राथमिकला दहा मुलांमागे एक आणि पुढे पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण सांगितलं. तुमच्या तालुक्यात मोजून बघा, मग कुत्र्याचं बोलू.

मला काळजी बंडूची नाही, पुढच्या मुलाची आहे. उद्या एखादी मुलगी स्वतःचा सर्व्हिस डॉग घेऊन पाचवीत नाव घालायला आली तर? अमेरिकेत कायद्याने तिला दोनच प्रश्न विचारता येतात: अपंगत्वामुळे हा कुत्रा लागतो का, आणि तो कोणतं काम शिकलाय. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम १६ नुसार शाळेने मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करायची आहे, पण त्यात कुत्र्याचं नाव नाही. म्हणजे सगळं मुख्याध्यापकांच्या मर्जीवर, आणि मुख्याध्यापक वरून कागद येण्याची वाट बघणार.

तर शिक्षण विभागाने एका पानाचं परिपत्रक काढावं. लस, दोरी, सांभाळणाऱ्याची जबाबदारी, घाबरणाऱ्या मुलांची सोय, आणि फोटोला बंदी. मसुदा मी लिहून देते, मानधन नको.