‘आठशे रुपये घेऊन नुसत्या गप्पा’ या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार काका,

तुमचा रिव्ह्यू वाचला. स्टार एक आणि तक्रारी बऱ्याच: आठशे रुपये घेऊन नुसत्या गप्पा मारल्या, गोळी-औषध काही नाही, शाळेसारखे पेपर सोडवून घेतले, मुलगी आत काय बोलली ते बापालाच सांगत नाहीत, स्थळ आलंय म्हणून ‘मुलगी नॉर्मल आहे’ एवढं लेटरहेडवर मागितलं तर नकार, आणि वर दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवलं, ‘कमिशन असणारच’.

आधी एक विनंती. रिव्ह्यूत तुमचं पूर्ण नाव आहे, फोटो आहे आणि मुलीचं कॉलेज, वर्ग हेही लिहिलंय. बेळगावात एवढ्यावरून माणूस शोधायला वेळ लागत नाही. तेवढी ओळ काढून टाका. स्टार एकच राहू दे, माझी हरकत नाही. तुमच्या घरचं कोणी माझ्याकडे आलं होतं की नाही, हेही मी इथे सांगणार नाही. म्हणून पुढचं सगळं माझ्या कामाबद्दल आहे, कुणा एकाबद्दल नाही.

गोळीचं पहिल्यांदा. मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. एम.फिल. झालंय, भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी आहे. एमबीबीएस नाही, त्यामुळे गोळ्या लिहून देता येत नाहीत. ते काम सायकिअॅट्रिस्टचं, म्हणजे मनोविकारांच्या डॉक्टरचं. कुणाची ओळीनं काही रात्री झोप उडाली असेल, कानात आवाज येत असतील, जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा असेल, तर मी त्याच दिवशी तिकडे पाठवते. कुणी सारखं थकलेलं, उदास, केस गळतायत, वजन वाढतंय असं सांगत आलं, तर थायरॉईड तपासून या म्हणते. थायरॉईड कमी पडला तरी माणूस असाच दिसतो, आणि मग नुसतं बोलत बसून काय उपयोग? कमिशन मी घेत नाही. दोन-तीन नावं देते, त्यातलं कुठलं निवडायचं ते तुम्ही ठरवायचं. खाजगी परवडत नसेल तर सिव्हिलला जा किंवा धारवाडच्या डिम्हान्स या सरकारी मानसोपचार संस्थेत, हेही सांगते.

आता गप्पा. समजा, टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटवर फाटक पडलं की एकाला धडकी भरते. (माणूस काल्पनिक आहे, गेट खरं.) पुढे बस, मागे टेम्पो, दोन्ही बाजूंना रिक्षा, छाती धडधडते, तळव्यांना घाम सुटतो, आता अटॅक येणारच असं वाटतं. ईसीजी मात्र चांगला. मग तो वळसा घालून जायला लागतो, मग गाडी चालवणं सोडतो, मग बाजारात जाणंच बंद. ‘घाबरू नको’ म्हणणारे घरात चार जण असतात. तेवढ्यासाठी आठशे रुपये कशाला मोडायचे? आम्ही बसून त्याच्या भीतीच्या पायऱ्या लावतो, शंभरपैकी आकडे देऊन. फाटक उघडं असताना बायकोबरोबर चालत जाणं ३०, एकट्यानं ४५, पडलेल्या फाटकाशी रिक्षात बसून राहणं ९०. सुरुवात ३० पासून. तिथे थांबायचं, निघून यायचं नाही, दर दोन मिनिटांनी आकडा वहीत लिहायचा. आकडा चढतो आणि थांबून राहिलं तर हळूहळू उतरतो. हा माणूस दरवेळी पळ काढत आलेला, त्यामुळे उतरलेला आकडा त्यानं कधी बघितलेलाच नसतो. पुढच्या वेळी वही घेऊन येतो, आम्ही ती वाचतो, कधी हसतो. बाहेर बाकावर बसलेल्याला तेवढं हसणंच ऐकू येतं.

पेपर म्हणजे चाचण्या. उत्तरांचे गुण काढून रिपोर्ट लिहायला मला नंतर कित्येक तास लागतात. आपल्या भागात त्याआधी भाषा ठरवावी लागते: घरी मराठी, शाळा इंग्रजी, गल्लीत कानडी असं पोर असेल तर चुकीच्या भाषेत विचारून ते ‘मंद’ ठरायला वेळ लागत नाही. व्ही. व्ही. कामत यांनी १९३४ मध्ये बिने ही बुद्धिमापन चाचणी कानडी आणि मराठी मुलांसाठी बसवली ती उगीच नाही.

आणि बापाला का सांगत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम २३ आहे: उपचारात कळलेली माहिती गुप्त ठेवणं हे आमचं कर्तव्य. जिवाला धोका असेल तर अपवाद आहे आणि तो मी पहिल्याच दिवशी, दोघांसमोर सांगते. अठरा पूर्ण झालेल्या मुलीची माहिती तिच्या परवानगीशिवाय फी भरणाऱ्यालाही मिळत नाही. कायदा बाजूला ठेवा. आत बोललेलं बाहेर जातं हे कळलं की मुलं ‘अभ्यासाचं टेन्शन आहे’ एवढंच बोलतात, आणि पन्नास मिनिटं आम्ही दोघंही अभ्यासाच्या टेन्शनवर बोलत बसतो. खानापूर, निपाणी, चंदगडहून लोक येतात ते गावात कळू नये म्हणूनच. बाकावर ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून दोन अपॉइंटमेंटच्या मध्ये मी पंधरा मिनिटं मोकळी ठेवते. फी काढताना तीही धरलेली आहेत.

लेटरहेडवर मी एवढंच लिहू शकते: कोणत्या तारखांना भेट झाली, कोणत्या चाचण्या घेतल्या, काय आढळलं. तेही त्या व्यक्तीची लेखी संमती असेल तर, आणि कागद तिच्याच हातात. ‘नॉर्मल’ असा निकाल कुठल्याच चाचणीत निघत नाही. स्थळाकडच्यांना दाखवायला तर मुळीच लिहिणार नाही. मुलाकडचे असा कागद आणतात का, तेही एकदा विचारून बघा.

आठशे रुपये जड जात असतील तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे. फोन फुकट, रात्रंदिवस, मराठीत आणि कानडीतही बोलता येतं. माझ्या वागण्याबद्दल तक्रार असेल तर ती पुनर्वसन परिषदेकडे करा. नोंदणी क्रमांक दाराशेजारच्या पाटीवर आहे. आणि घरच्यांनी मिळून बसायचं असेल, ज्याचा प्रश्न आहे ती व्यक्तीही तयार असेल, तर शनिवारी दुपारची वेळ त्यासाठीच राखलेली असते. रिसेप्शनला फोन करा. मी आत असले की फोन घेत नाही, पण निरोप मिळतो.