मूळ चित्र कुठे आहे?

गेल्या दिवाळीत पुण्याला गेले तेव्हा धाकट्या बहिणीच्या नव्या फ्लॅटमध्ये सोफ्यामागच्या भिंतीवर एक मोठं अमूर्त चित्र लावलेलं होतं. गेरूच्या रंगाचे पट्टे, मध्ये काळा गोल, खाली पेन्सिलीने ४३/५०० आणि सही. अडतीस हजारांना घेतलेलं. विकणाऱ्याने सांगितलं होतं, ‘लिमिटेड एडिशन प्रिंट आहे, किंमत वाढत जाणार.’ जेवणानंतर वाद रंगला. बाबा म्हणाले, प्रिंट म्हणजे शेवटी कॉपीच, एवढ्या पैशात एखाद्या नव्या चित्रकाराचं खरं चित्र आलं असतं. मेहुणे म्हणाले, पाचशेतलं एक म्हणजे पाचशेवा हिस्सा, यात गुंतवणूक कसली? बहीण माझ्याकडे वळली. “ताई, तू तर तिकडे हेच गोळा करतेस. तू सांग.”

माझ्या पर्समध्ये दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग असतं. त्यातून पाहिलं तर काळा गोल काळा नव्हताच. निळे, किरमिजी, पिवळे बारीक ठिपके एकमेकांत फवारलेले होते. कॅनव्हासवरच्या चित्राचा फोटो काढून तो चांगल्या कागदावर इंकजेटने छापलेला होता. छपाई उत्तम होती आणि सहीही चित्रकाराचीच असावी. पण बाबांचं म्हणणं या चित्रापुरतं खरं होतं आणि ते मान्य करताना मला वाईट वाटलं, कारण एरवी मी याच मुद्द्यावर त्यांच्याशी वर्षानुवर्षं भांडत आले आहे.

मी गेली चौदा वर्षं एडिंबरात राहते. इथे फाउंटनब्रिज भागात रबराच्या जुन्या कारखान्याच्या इमारतीत ‘एडिंबरा प्रिंटमेकर्स’ ही कार्यशाळा आहे. संस्था १९६७ सालची, या इमारतीत आली २०१९ मध्ये. ठरावीक शुल्क भरून कोणीही प्रशिक्षित कलाकार तिथली यंत्रं वापरू शकतो. तिथे एका शनिवार-रविवारी मी एचिंग शिकले आणि ‘कॉपी’ हा शब्द माझ्यापुरता तिथेच संपला.

तांब्याच्या पत्र्यावर मेणासारखा लेप चढवायचा आणि सुईने तो खरवडून रेघ काढायची. मग पत्रा आम्लात बुडवला की उघड्या पडलेल्या रेघेतलं तांबं विरघळतं. इथे नायट्रिक ॲसिडऐवजी फेरिक क्लोराइडमध्ये सायट्रिक ॲसिड घालतात, आपण ढोकळ्यात घालतो तेच लिंबूसत्त्व. ही रीत १९९० च्या दशकात याच शहरात फ्रीडहार्ड कीकेबेन या मुद्राचित्रकाराने (ठशांतून चित्रं घडवणाऱ्या कलाकाराने) बसवली, म्हणून तिला ‘एडिंबरा एच’ म्हणतात. नंतर पत्र्यावर शाई चोळायची आणि जाळीदार कापडाने पुसत राहायचं. खरी परीक्षा या पुसण्याची असते. जास्त पुसलं तर रेघ फिकी पडते, कमी पुसलं तर सगळं धुरकट होतं, शेवटचा हात नुसत्या तळव्याने फिरवायचा. ओलसर कागद, त्यावर नमदे आणि प्रेसचं जड चाक. कागद कोपऱ्याने धरून उचलला तेव्हा रेघा त्यावर चक्क उभ्या होत्या, बोटाला लागत होत्या. पत्र्याच्या कडेचा ठसा कागदात चारी बाजूंनी खोल उमटला होता. दुसऱ्या ठशासाठी शाई लावण्यापासून सगळं पुन्हा करायचं.

यातलं मूळ चित्र कोणतं? पत्रा म्हणावा तर तो उलटा आणि भिंतीवर लावण्यासाठी केलेलाच नाही. चित्र कागदावर येतं तेव्हाच जन्माला येतं, म्हणून पन्नास ठसे ही पन्नास मूळ चित्रं आहेत. १२/५० चा अर्थ पन्नासावा हिस्सा नव्हे. पन्नासच ठसे काढायचे असा चित्रकाराने दिलेला तो शब्द आहे. कस्टमचा कायदासुद्धा हा फरक जाणतो. त्याच्या वर्गवारीत ९७०२ या शीर्षकाखाली येणारं मूळ प्रिंट म्हणजे कलाकाराने संपूर्णपणे हाताने केलेल्या प्लेटवरून थेट घेतलेला ठसा. यांत्रिक किंवा छायायांत्रिक, म्हणजे फोटोवरून छापायची, पद्धत त्यातून वगळलेली आहे.

बाबांच्या पिढीच्या मनात प्रिंट म्हणजे नक्कल हे बसलं, त्याला कारण आहे आणि ते आपल्याच मातीतलं आहे. राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये गिरगावात छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथल्या शिळाछापांनी लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोचवल्या. आमच्या आजीच्या देवघरातही त्यातली एक होती. ती चित्रं तैलचित्रांवरून केलेल्या प्रतीच होत्या आणि त्यांनी फार मोठं काम केलं. पण आपल्याकडे ‘प्रिंट’ या शब्दाचा अर्थ तिथेच थांबला.

खरं तर तो तिथे थांबायला नको होता. एकाच पत्र्यावर वेगवेगळ्या खोलीचे थर करून, शाईत तेलाचं प्रमाण कमी-जास्त ठेवून, मऊ आणि कडक रुळांनी सगळे रंग एकाच ठशात उमटवायची व्हिस्कॉसिटी पद्धत ज्यांनी घडवली, त्यांत कृष्णा रेड्डी अग्रभागी होते. चित्तूर जिल्ह्यात जन्मलेले, शांतिनिकेतनात शिकलेले रेड्डी पॅरिसच्या ‘आतेलिए १७’ या मुद्राचित्रांच्या कार्यशाळेत तिचे संस्थापक स्टॅनली हेटर यांच्या बरोबरीने काम करत होते. अलीगढच्या झरीना हाश्मी त्याच कार्यशाळेत शिकल्या. त्यांचा १९९९ चा छत्तीस काष्ठठशांचा संच, ‘होम इज अ फॉरिन प्लेस’, मी प्रदर्शनात पाहिला आहे. घर, उंबरठा, दार असा एकेक उर्दू शब्द आणि त्याच्याबरोबर चार-सहा रेघांची काळी आकृती. “अमूर्तातलं काही कळत नाही” असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला त्यातल्या ‘उंबरठ्या’समोर न्यावं असं मला वाटतं. घर सोडलेल्या माणसाला ते समजावून सांगावं लागत नाही.

घरच्या चर्चेत मात्र ही नावं येत नाहीत. अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंड्यांचं चित्र २०२१ मध्ये सुमारे ४० कोटींना गेलं, ते सगळ्यांना पाठ असतं. त्या आकड्याने दोन गोष्टी होतात. नोकरदार माणूस कलेच्या दुकानात पाऊल टाकायला बिचकतो आणि टाकलंच तर ‘वाढेल का?’ हा पहिला प्रश्न विचारतो. इथे माझे शेजारी, एक नर्स आणि एक बस ड्रायव्हर, दर एक-दोन वर्षांनी एक प्रिंट घेतात. ‘ओन आर्ट’ नावाची योजना २००४ पासून आहे. चित्र घरी न्यायचं आणि पैसे दहा मासिक हप्त्यांत बिनव्याजी फेडायचे. मीही माझी पहिली दोन एचिंग तशीच घेतली. अर्थात इथेही फोटो छापून ‘लिमिटेड एडिशन’ म्हणून विकणारे कमी नाहीत, आणि कार्यशाळांचा मोठा भार सार्वजनिक अनुदानावर आहे, ते आटलं की त्या डगमगतात. इथलं सगळं छान आणि तिकडचं वाईट असं मी म्हणणार नाही.

आपल्याकडे रसिकता कमी आहे, हे तर मला मुळीच पटत नाही. कमी आहेत ते प्रेस. बडोद्यात ‘छाप’, भोपाळला भारत भवनची कार्यशाळा आणि १९८९ पासून भरणारं तिथलं मुद्राचित्रांचं द्वैवार्षिक प्रदर्शन, दिल्लीला ललित कला अकादमीचा गढी स्टुडिओ, अशा जागा आहेत. पण कला महाविद्यालयातून मुद्राचित्रण शिकून बाहेर पडलेल्या, पुण्यातल्या एका ओळखीच्या मुलीला प्रेस हवा म्हणून वर्षातून दोनदा बडोद्याला जावं लागतं. बाकीचे महिने ती पत्रे कोरून ठेवते आणि शाळेत शिकवते. सप्टेंबर २०२५ मध्ये चित्रांवरचा, मूळ प्रिंटवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला हे चांगलंच झालं. आता एखाद्या महापालिकेने एका कलादालनाच्या तळघरात एक प्रेस बसवावा.

विकणाऱ्यांकडून मला एकच हवं आहे: पावतीवर चार ओळी. कोणत्या पद्धतीने छापलं, कोणी छापलं, एकूण ठसे किती, आणखी ठसे निघू नयेत म्हणून प्लेट रद्द केली का. संगणकावरच घडलेलं चित्र इंकजेटने छापलं तर तेही प्रामाणिक प्रिंट आहे, माझ्याकडेही तसं एक आहे. तैलचित्राचा फोटो विकायलाही हरकत नाही. मात्र त्याला फोटो म्हणावं.

बहिणीला मी बडोद्याला जाणाऱ्या त्या मुलीकडे नेलं. खोलीभर वाळत टांगलेले कागद होते. बहिणीने नऊ हजारांचं एक लहान एचिंग निवडलं, ७/२०, नुसत्या आडव्या रेघा आणि कोपऱ्यात ॲक्वाटिंटचा, म्हणजे रेघेऐवजी सलग छटा देणाऱ्या पद्धतीचा, राखाडी डाग. मोठं चित्र सोफ्यामागेच राहिलं, आवडतं म्हणून. एचिंग जेवणाच्या टेबलाजवळ आहे, उन्हापासून लांब. फ्रेमवाल्याने कागदाची कड माउंटखाली झाकायला घेतली होती, तेव्हा बहीण फोनवर मला विचारत होती, “ताई, पत्र्याचा ठसा दिसायला हवा ना?”