बिनभाड्याच्या खोलीचं भाडं

अमेरिकेतल्या कॉलेजात शिकताय, वय विशीच्या आसपास आहे, रात्रीची झोप जरा जास्तच होतेय असं वाटतं आणि जगाचं भलं करायची खुमखुमीही आहे? मग आरए व्हाच. आरए म्हणजे रेसिडेंट असिस्टंट. डॉर्मच्या, म्हणजे कॉलेजच्या वसतिगृहाच्या, एका मजल्यावर राहायचं आणि तिथल्या पोरापोरींकडे ‘जरा लक्ष ठेवायचं’, एवढंच काम. बदल्यात खोली फुकट, कुठे जेवणही फुकट, कुठे वर चार पैसे. बिनपगारी फुल अधिकारी अशी एक म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलोय. इथे फरक इतकाच, की अधिकारही फुल नाहीत.

मुलाखतीआधी थोडा इतिहास पाठ करा, छाप पडते. एके काळी अमेरिकन कॉलेजं विद्यार्थ्यांचे आईबाप असल्यासारखी वागत. मुलींनी रात्री किती वाजता परतायचं, खोलीत पाहुणा असेल तर दार किती उघडं ठेवायचं, सगळं कॉलेज ठरवायचं. पुढे अलाबामातल्या एका सरकारी कॉलेजने वंशभेदाविरुद्ध धरणं धरणाऱ्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना साधी सुनावणीही न देता काढून टाकलं. १९६१ साली अपील कोर्टाने सांगितलं, असं चालणार नाही. तिथून हे आईबापपण ओसरत गेलं आणि विद्यार्थी सज्ञान माणसं ठरले. उत्तम झालं. फक्त रात्री दोन वाजता बाथरूममध्ये उलट्या करणाऱ्या सज्ञान माणसाजवळ बसायचं कोणी, एवढा प्रश्न उरला. कॉलेजने तो मोठ्या मनाने तुमच्याकडे सोपवलाय.

तयारी ऑगस्टमध्येच सुरू होते, बाकीचे अजून सुट्टीत असताना. प्रशिक्षणात जुने आरए रिकाम्या खोल्यांमध्ये दारू प्यायल्याचं, भांडल्याचं, रडल्याचं नाटक करतात आणि तुम्ही एकेक दार ठोठावून ते प्रसंग हाताळायचे असतात. मनापासून हाताळा. वर्षभरात यानंतर कोणीही तुमचं इतकं ऐकून घेणार नाही. मग दारांवरच्या नावाच्या पाट्या. प्रत्येक रहिवाशासाठी रंगीत कागद कापून एक मासा, एक ग्रह किंवा एक कॅक्टस करायचा आणि त्यावर स्पेलिंग न चुकता नाव लिहायचं. बोटांना कात्रीचे वळ उठेपर्यंत कापा. पहिल्याच आठवड्यात निम्मे मासे दारावरून गायब होतील. त्याचं वाईट वाटून न घेता उरलेल्या कागदाचे नवे मासे कापा.

मग येतो रूममेट करार. एका खोलीतल्या दोघांना समोरासमोर बसवून छापील फॉर्म भरून घ्यायचा: झोपायचं कधी, पाहुणे किती, माझा शाम्पू तू वापरलास तर चालेल का. सप्टेंबरात दोघंही ‘कशालाच हरकत नाही’ असं लिहून हसत सही करतात. ऑक्टोबरात दोघंही वेगवेगळे तुमच्याकडे येतात आणि तोच फॉर्म पुरावा म्हणून मागतात. अशा वेळी कोणाचीही बाजू घेऊ नका. ‘मला तुझं म्हणणं ऐकू येतंय’ हे एकच वाक्य वेगवेगळ्या सुरांत म्हणत राहा. शाम्पूचा प्रश्न सुटत नाही, पण दोघंही दमून झोपायला जातात.

आता मुख्य विषय, दारू. अमेरिकेत एकविसाव्या वर्षापर्यंत दारूला बंदी. १९८४ साली केंद्राने राज्यांना सांगितलं की वयाची अट २१ करा, नाहीतर महामार्गांच्या निधीला कात्री लावू. राज्यांनी शेवटी ऐकलं. तेव्हापासून महामार्गांचा तो निधी तुमच्या मजल्यावर कपड्यांच्या ढिगाखाली लपवलेला असतो आणि तो तुम्ही शोधायचा असतो. शोधायचा म्हणजे उघडून पाहायचा नाही, तो तुमचा अधिकार नाही. दार ठोठवायचं, नाव आणि हुद्दा सांगायचा, आतली कुजबुज आणि बाटल्यांचा खणखणाट थांबेपर्यंत उभं राहायचं आणि दार उघडल्यावर जे डोळ्यांना दिसेल ते लिहून काढायचं.

लिहिण्यात मात्र जीव ओता, कारण आरएची खरी साहित्यसेवा तीच. घटनेचा अहवाल तृतीय पुरुषात असतो. ‘मी’ नाही, ‘आरए’. ‘आरएला ११ वाजून ४२ मिनिटांनी दाराबाहेर संगीत ऐकू आलं. आरएने दार ठोठावलं. टेबलावर पारदर्शक द्रव असलेली बाटली आढळली.’ वोडका लिहायचं नाही, तुम्ही चव कुठे घेतलीय? बाटलीवर ठळक अक्षरांत छापलेलं असलं तरी लेबलावर तसं छापलं होतं, एवढंच लिहायचं. रहिवासी ‘आरए’ला जे बोलला ते अवतरणचिन्हांत, शब्दशः, शिव्यांसकट. मग तोच रहिवासी दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये शेजारी उभा राहिला तर छान हसायचं. तुम्ही त्याचे मित्रही आहात ना!

एक गोष्ट प्रशिक्षणात एकदा सांगतात आणि वर्षभर पुरते. शिक्षणात लिंगभेदाला मनाई करणारा १९७२ चा टायटल नाइन कायदा आहे. त्याच्या जोरावर अनेक कॉलेजांत आरएला लैंगिक अत्याचाराची कुठलीही माहिती वरपर्यंत कळवावीच लागते. म्हणजे रात्री एक वाजता एखादी मुलगी तुमच्या दाराशी येईल, खाली बसेल, तोंड उघडेल, आणि तुम्ही तिला तिथेच थांबवून म्हणायचं, ‘सांगण्याआधी ऐक, तू जे सांगशील ते मला कळवावं लागेल.’ एवढं बोलून झाल्यावरही ती बोललीच, तर तुमच्या चेहऱ्यात काहीतरी आहे असं समजा. गप्प राहून उठून गेली, तर नियमाप्रमाणे कळवण्यासारखं काही घडलेलंच नाही. समुपदेशकाला हे कळवण्याचं बंधन सहसा नसतं, पण तो या वेळी घरी झोपलेला असतो. त्याने पदवी घेतलीय ना.

फायर अलार्मबद्दल फार सांगण्यासारखं नाही. कोणीतरी पहाटे तीनला मायक्रोवेव्हमध्ये पॉपकॉर्न ठेवून विसरतो, सगळी इमारत चपला घालून बाहेर येते आणि अग्निशमन दल येईस्तोवर सगळे तुमच्याकडे बघत उभे राहतात, जणू मका तुम्ही पेरला होता.

कार्यक्रम घेणंही कर्तव्यात येतं. वेळेचं नियोजन, तणावमुक्ती, आरोग्यदायी नाती, असे विषय निवडा आणि पोस्टरवर ‘पिझ्झा’ हा शब्द सगळ्यात मोठा लिहा. लोक येतात, बॉक्स उघडतात, उभ्या-उभ्या तुकडा उचलतात आणि जातात. उरलेल्या दोघांना तणावमुक्तीवर बोलायला लावा. उपस्थितीच्या रकान्यात मात्र पिझ्झ्याचे तुकडे मोजा, आकडा भरघोस येतो.

पैशाची चर्चा शक्यतो करू नका, वाईट दिसतं. खोली फुकट मिळाली म्हणून आईबाबांना आनंदाने फोन कराल, तर थोडं थांबा. काही कॉलेजांत तीच खोली आर्थिक साहाय्यात धरतात आणि शिष्यवृत्तीतून तेवढा भाग वळता करून घेतात. म्हणजे ज्याला गरज जास्त त्याला खोली महाग. परदेशी विद्यार्थी असाल तर व्हिसाच्या नियमाने सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासच काम करता येतं. घाबरू नका, तास बसतात. ड्यूटीचा फोन उशाशी घेऊन झोपणं हे काम नव्हे, राहणं आहे.

आणि कृपा करून संघटनेच्या नादी लागू नका. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्टमधल्या आरएंनी २००२ साली मतदान करून युनियन केली, तीही मोटार कामगारांच्या संघटनेत जाऊन. वेस्लियन विद्यापीठातल्यांनी २०२२ साली युनियन केली आणि विद्यापीठाने त्यांना मान्यताही देऊन टाकली. वाईट उदाहरणं असतात ती. एकदा करार हातात आला की माणूस तास मोजायला लागतो, आणि मग ‘आपण सगळे एक कुटुंब आहोत’ हे वाक्य सभेत पूर्वीसारखं ठसत नाही.

पुढच्या वर्षीही आरए व्हायचं असेल तर अर्जासोबत मजल्यावरच्या एका रहिवाशाची शिफारस मागतात. पॉपकॉर्नवाल्याचीच घ्या. सगळ्या मजल्यात तुमचं नाव बरोबर ठाऊक असलेला तोच एक आहे, कारण अहवालाची प्रत त्याच्याकडे आहे.