‘टिंबवाल्या फाइली उडवा, लिनक्स पळवा’ : त्या फॉरवर्डला उत्तर

"लिनक्स वापरताय? सावधान!" असा मथळा आणि लाल भोंग्यांची रांग असलेला एक फॉरवर्ड सध्या सांगलीतल्या ग्रुपांवर फिरतोय. भिशीचा ग्रुप, अपार्टमेंटचा ग्रुप, बचत गटाचा ग्रुप, एकही सुटलेला नाही. आधी आला तेव्हा मी वाचून सोडून दिला. पण परवा गावभागातून मावशीचा फोन आला, "अरे, ते टिंबवालं सगळं काढून टाकू का? ग्रुपवर आलंय, मशीन पळतं म्हणे." मावशीच्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली आहे, आणि त्यात बचत गटाचे हिशेब आहेत. तेव्हा आता गप्प बसवत नाही.

फॉरवर्डचं म्हणणं थोडक्यात असं : खालची पट्टी गायब झाली म्हणजे सिस्टिम करप्ट, फॉरमॅट हाच इलाज. होम फोल्डरमधल्या टिंबाने सुरू होणाऱ्या लपलेल्या फाइली म्हणजे कचरा, त्या उडवल्या की वेग दुप्पट. ‘परमिशन डिनाइड’ आलं तर अख्ख्या सिस्टिमला ७७७ (सगळ्यांना सगळं मोकळं करणारा परवानगीचा आकडा) मारा. थीम (पडद्याची सजावट) टाकली की व्हायरस येतो आणि डेटा जातो. अपडेट कायमचे बंद ठेवा. मराठी टाइप होत नाही. आणि शेवटी, फुकटचं आहे, त्याला वाली कोण? खाली फॉरमॅट करून देणाऱ्याचा मोबाइल नंबर आणि दर. हा सगळा मजकूर कशासाठी लिहिलाय, ते त्या नंबरापाशी पोचल्यावर कळतं.

विंडोज १० चे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले. तेव्हापासून जुने लॅपटॉप भंगारात घालण्याऐवजी त्यांवर लिनक्सचा मिंट नावाचा प्रकार बसवून घेणारे ओळखीत बरेच झालेत. नवखी माणसं, त्यात भोंगे, मग काय! आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी किती चढलं याचा आकडा पाटबंधारे खात्याकडून आल्याशिवाय खरा न मानणारे आपण, लॅपटॉपच्या बाबतीत मात्र कोणाचंही ऐकतो.

सगळ्यात घातक मुद्दा टिंबवाल्या फाइलींचा, म्हणून तो आधी.

लिनक्समध्ये ज्या फाइलीच्या किंवा फोल्डरच्या नावाआधी टिंब असतं, ती एरवी दिसत नाही. फाइल मॅनेजरमध्ये कंट्रोल आणि एच दाबलं की दिसते. लपवली आहे ती कचरा म्हणून नाही, रोज हात लावायचं काम नाही म्हणून. आत काय असतं? ‘डॉट-मोझिला’ फोल्डरात फायरफॉक्सचे बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड. ‘डॉट-थंडरबर्ड’मध्ये मेल, आणि पॉप पद्धतीने उतरवून घेत असाल तर त्याची दुसरी प्रत सर्व्हरवर असेलच असं नाही. ‘डॉट-लोकल’च्या पोटात निरनिराळ्या प्रोग्रामांचे पासवर्ड ठेवणारी कीरिंग. आणि ‘डॉट-कॉन्फिग’मध्ये तुम्ही डेस्कटॉपवर केलेली बहुतेक मांडामांड.

मावशीचंच उदाहरण घ्या. ती लिब्रेऑफिसमध्ये गटाची पत्रं लिहिते. सुरुवातीला कवठेमहांकाळ, भिलवडी, नांद्रे, सभासदांची आडनावं, सगळ्यांखाली लाल नागमोडी रेघ यायची. तिने एकेक शब्द राइट क्लिक करून शब्दकोशात घातला. वर्षभराची ती शब्दांची पुंजी एका साध्या मजकुराच्या फाइलीत आहे, आणि ती फाइल डॉट-कॉन्फिगमधल्या लिब्रेऑफिसच्या फोल्डरात आहे. फॉरवर्डच्या भाषेत, कचरा.

कुठे काय ठेवायचं याचा नियम आहे, आणि तो कुणा ग्रुपवाल्याने केलेला नाही. फ्रीडेस्कटॉप नावाच्या प्रकल्पाचं ‘एक्सडीजी बेस डिरेक्टरी’ हे मानक आहे. ग्नोम, केडीई, एक्सएफसीई हे डेस्कटॉप (म्हणजे पडद्यावर दिसणारा पट्टी-मेनूचा सगळा पसारा) आणि इतर बहुतेक प्रोग्राम ते पाळतात (फायरफॉक्स, थंडरबर्डसारखे जुने खोंड वर्षानुवर्षं आपापली वेगळी फोल्डरं करून बसले होते). त्यानुसार सेटिंग्ज डॉट-कॉन्फिगमध्ये, वापरणाऱ्याचा डेटा डॉट-लोकलमधल्या शेअरमध्ये आणि पुन्हा तयार करता येईल असा माल डॉट-कॅशमध्ये. तिन्ही टिंबवाले. त्यातला फक्त तिसरा फोल्डर गेला तर फारसं बिघडत नाही, आणि तो उडवूनही वेग दुप्पट होत नाही. उलट फोटोंच्या छोट्या प्रतिमा वगैरे पुन्हा बनवताना पहिले काही दिवस मशीन जास्तच कुथतं. फॉरवर्डने तिघांना एकाच पोत्यात भरलंय.

"मिंटमध्ये टाइमशिफ्ट आहे की, मागे जाता येतं," असं कोणी म्हणेल. टाइमशिफ्ट सिस्टिमचा बॅकअप घेतं. होम फोल्डर त्यात मुळातच धरलेलं नसतं, आपण सांगावं लागतं. किती जणांनी सांगितलंय?

आता कबूल करावं लागेल असं एक. या सल्ल्याने कोणाचं तरी काम झालेलं असणार, त्याशिवाय तो इतका फिरला नसता. एक्सएफसीईमध्ये लॉगआउट करताना ‘सेशन जपून ठेवा’ची खूण केलेली असली तर त्या क्षणी काय काय चालू होतं याची नोंद ठेवली जाते. नेमकी तेव्हाच पट्टी बंद पडलेली असेल तर पुढच्या वेळी डेस्कटॉप इमानेइतबारे पट्टीशिवाय उघडतो. रोज. आणि ही नोंद एक्सएफसीई ठेवतं कुठे, तर डॉट-कॅशमधल्या सेशन्स नावाच्या फोल्डरात, म्हणजे तिथे ती असायलाच नको होती. कोणीतरी सगळे टिंबवाले उडवले, त्यात हा फोल्डरही गेला, पट्टी परत आली आणि गड्याने फॉरवर्ड लिहिला. अर्धं सत्य आहे, पण सोबत पासवर्ड गेले ते त्याला बहुधा नंतर कळलं असेल. त्या फोल्डरासाठी सेटिंग्जमध्ये ‘सेशन अँड स्टार्टअप’ आहे. तिथे जपलेली सेशन्स पुसायचं बटण आहे. एक क्लिक.

यातच फॉरमॅटच्या मुद्द्याचंही उत्तर आलं. पट्टी, म्हणजे पॅनेल, हा एक वेगळा छोटा प्रोग्राम आहे. तो पडला म्हणून सिस्टिम पडत नाही. ऑल्ट आणि एफ२ दाबा, छोटी खिडकी उघडते, तिच्यात पॅनेलचं नाव टाइप करा. मावशीला मी मागे फोनवरच सांगितलं होतं : एक्सएफसीई, ४ चा आकडा, आडवी रेघ, पॅनेल, सगळं लहान इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा नको, एंटर. पट्टी आली. मिंटची सिनॅमन आवृत्ती असेल तर याहून सोपं : कंट्रोल, ऑल्ट, एस्केप एकत्र दाबा, डेस्कटॉप नव्याने सुरू होतो, उघडी कामं जागच्या जागी राहतात.

पट्टी येते पण बटणं भलतीकडे, घड्याळ नाही, मेनू नाही, असं असेल तर पट्टीची फाइल बिघडली आहे. अशा वेळी फाइल उडवायची नाही, तिचं नाव बदलायचं. आणि इथे बरेच जण फसतात. एक्सएफसीईची सेटिंग्ज सांभाळणारा एक प्रोग्राम मागे सतत चालू असतो, त्याच्या डोक्यात जुनी मांडणी असते. तुम्ही समोर फाइल हलवता, तो मागून पुन्हा तीच लिहून ठेवतो. मग माणूस म्हणतो, "केलं की सगळं, काही होत नाही, फॉरमॅटच करा." आधी लॉगआउट करा, कंट्रोल-ऑल्ट-एफ३ ने काळ्या पडद्यावर लॉगिन करा, तिथून नाव बदला, परत या. नवी कोरी पट्टी मिळते आणि जुनी फाइल हाताशी राहते. एवढं नको असेल तर पॅनेल प्रोफाइल्स नावाचं साधन आहे. चांगली चालू असतानाच पट्टीची प्रत काढून ठेवता येते.

७७७ वर आता जास्त बोललं तर तोंडातून वाईट शब्द जाईल. प्रत्येक फाइल प्रत्येकाला वाचायला, बदलायला आणि चालवायला मोकळी करणं, असा त्याचा अर्थ. सुरक्षितता जाते हे झालंच. पण गंमत वेगळी आहे. प्रशासकाचे अधिकार तात्पुरते देणारा जो ‘सुडो’ प्रोग्राम आहे, त्याच्या फाइलीवर एक खास खूण असते. सगळीकडे ७७७ मारलं की ती खूण पुसली जाते, आणि पुढच्याच कमांडला सुडो काम करायला नकार देतो. म्हणजे चूक दुरुस्त करायचं हत्यार त्याच चुकीत मोडलं. मग पेनड्राइव्हवरून सुरू करून डेटा काढा आणि सिस्टिम नव्याने बसवा, हाच व्यवहार्य मार्ग उरतो. खाली नंबर दिलेलाच आहे.

‘परमिशन डिनाइड’चं घरगुती कारण बहुतेक वेळा साधं असतं : कधीतरी सुडो लावून एखादा खिडकीवाला प्रोग्राम उघडलेला असतो, आणि होममधली एखादी फाइल प्रशासकाच्या नावावर गेलेली असते. पासवर्ड बरोबर टाकूनही पुन्हा पुन्हा लॉगिनचाच पडदा येतो, त्यामागेही अनेकदा अशीच एक ‘एक्सऑथॉरिटी’ नावाची टिंबवाली फाइल निघते. नाहीतर डिस्क शंभर टक्के भरलेली असते. त्या एका फाइलीची मालकी परत आपल्या नावावर करायची. सातबारा एकाच गटाचा चुकलाय, सबंध तालुक्याचा नाही.

थीमचा मुद्दा मात्र हसून सोडता येत नाही. मार्च २०२४ मध्ये केडीईच्या अधिकृत थीम भांडारातून एकाने ग्लोबल थीम (सगळं रूप एकदम बदलणारी) बसवली आणि त्याच्या फाइली खरोखर उडाल्या. केडीईच्या लोकांनी ते लपवलं नाही. ग्लोबल थीम आणि विजेट (डेस्कटॉपवर लावायचे छोटे प्रोग्राम) यांच्या आत चालणारा कोड असू शकतो, भांडारातल्या वस्तू बाहेरच्यांनी दिलेल्या असतात, जपून वापरा, असं त्यांनीच जाहीर सांगितलं. व्हायरस नव्हता, गलथान स्क्रिप्ट होती, पण ज्याचा डेटा गेला त्याला या फरकाचं काय करायचंय! तेव्हा इथे फॉरवर्डला अर्धे गुण देतो. अर्धेच, कारण सगळ्या थीम सारख्या नसतात. आयकॉनची थीम म्हणजे चित्रांचा गठ्ठा. एक्सएफसीईवर लावतात त्या जीटीके थीममध्ये रंग, जाडी, कडा यांचे नियम आणि चित्रं असतात. त्या दिसायला भयाण असू शकतात, फाइली उडवू शकत नाहीत. ग्नोमची एक्स्टेन्शन आणि सिनॅमनची ॲपलेट, म्हणजे डेस्कटॉपला लावायचे जोड-प्रोग्राम, हा मात्र चालणारा कोड. तो बसवण्याआधी कोणी लिहिलाय आणि शेवटचा कधी बदललाय, एवढं तरी बघा.

अपडेट बंद ठेवा म्हणणाऱ्याला बहुधा ग्नोमने चावलंय. सप्टेंबर २०२३ च्या ग्नोम ४५ मध्ये एक्स्टेन्शनची लिहिण्याची पद्धतच बदलली, आणि जुनी सगळी एक्स्टेन्शन नव्याने लिहीपर्यंत बंद पडली. राग यावा अशीच गोष्ट. पण ती ग्नोमची. मिंटच्या सिनॅमन, माते, एक्सएफसीई यांपैकी काही वापरणाऱ्याने त्यासाठी सुरक्षेचे अपडेट का थांबवायचे?

मराठी टाइप होत नाही, हे तर मराठीत टाइप करून कळवलंय! कीबोर्डच्या सेटिंग्जमध्ये मराठी निवडा. इन्स्क्रिप्टही आहे, उच्चाराप्रमाणे टाइप करायची कगप मांडणीही आहे. इन्स्क्रिप्टमध्ये ‘तऱ्हा’मधला ऱ शिफ्ट आणि जे वर मिळतो. हां, लग्नपत्रिका आणि फ्लेक्सवाल्यांचं काम श्रीलिपीत चालतं, ते विंडोजचं सॉफ्टवेअर आहे. त्यांनी विंडोज सोडू नये. टॅलीवाल्यांनीही. मावशी दोन्ही करत नाही.

आणि वाली. केडीई १९९६ पासून चालू आहे, एक्सएफसीईही त्याच सुमाराचं, ग्नोम त्यापुढच्या वर्षीचं. देशभरातल्या जिल्हा न्यायालयांच्या ई-कोर्ट प्रकल्पात उबुंटू (तेही लिनक्सच) वापरलं जातं, न्यायाधीशांना त्याचं प्रशिक्षण दिलं जातं. केरळच्या सरकारी शाळांतली मुलं वर्षानुवर्षं लिनक्सवर शिकतायत. पुढे काय लिहू?

ज्यांनी फॉरवर्ड वाचून आधीच फाइली काढल्यात त्यांच्यासाठी. फाइल मॅनेजरमधून नुसतं डिलीट दाबलं असेल तर माल ट्रॅशमध्ये आहे. तिथून रिस्टोअर करा, लॉगआउट करा, पुन्हा लॉगिन करा. ट्रॅश रिकामी करू नका आणि डॉट-लोकलला हात लावू नका, कारण ट्रॅश स्वतः त्याच टिंबवाल्या फोल्डरात असते. शिफ्ट दाबून किंवा टर्मिनलमधून उडवलं असेल तर लॅपटॉप वापरणं लगेच थांबवा आणि जाणकाराला दाखवा. नंबर दिलेल्याला नव्हे.